पाण्याची सवय

मावशी, तो अंग झाडत नाही, कारण—

वाक्य शिवप्रियाच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात उत्तरेश्वरांनी दुसरा तांब्या ओतला आणि माणसं गप्प झाली.

बोकड उभा होता. काळाभोर, लांब कान, कानांवर पांढरे शिंतोडे, गळ्यात झेंडूची माळ. पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली, पोटाखालून धुळीत. त्यानं एक डोळा मिटला. उघडला. रवंथ करत राहिला.

पाणी टाकलं की बोकडानं अंग झाडायचं असतं. झाडलं म्हणजे म्हसोबानं त्याला घेतलं. मग पुढचं. न झाडता सुरी लावायची नाही. या बांधावर, शेंदराच्या या दगडापुढं, आजवर कुणाचं अडलं नव्हतं, कारण शेळीची जात पाण्याला भिते. चार थेंब पडले तरी तिच्या कातडीतून लाट जाते. देवाला फार विचार करावा लागत नाही.

"पाणी तापलंय उन्हानं," उत्तरेश्वर म्हणाले. "माठातलं आणा."

माठातलं आलं. तिसरा तांब्या.

बोकडानं मान वळवली. गर्दीत शिवप्रियाला शोधलं. तिच्या तोंडाकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो तिच्या कुर्त्याच्या उजव्या खिशाकडं बघत होता.

खिशात बाभळीच्या वाळल्या शेंगा होत्या. रोजच्यासारख्या, न ठरवता भरलेल्या. तिनं खिशावर हात ठेवला.

*

मावशी, तो अंग—

"तुमी जेवून जावा, म्याडम." मथुराबाईंनी तिच्याकडं न बघता पदर सारखा केला. "तुमचा वरण-भात येगळ्या चुलीवर केलाय. आता तर समदेच वरण-भात खातेत."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मटणासाठी वाटलेला मसाला पातेल्यात तसाच होता. त्यावर ताट झाकलं होतं. पाव्हणे खाली मान घालून जेवले. जेवताना एकेकजण हळूच वैष्णवीकडं बघायचा आणि लगेच भाताकडं बघायचा.

नवस वैष्णवीचा होता. म्हणजे तिच्या जिवाचा.

*

थोडं मागं जावं लागेल. फार नाही.

ईट गावाच्या पुढं, डोंगराच्या उतारावर मथुराबाईंची वस्ती. मुलगा-सून पुण्याला कंपनीत, नात वैष्णवी आजीजवळ. शेजारी दीर उत्तरेश्वर. आजूबाजूच्या रानांचे बांध जेसीबीनं तासून हातभर राहिलेत. मथुराबाईंचा एक बांध मात्र अजून रुंद, बोरी, हिवर, तरवड, गुडघाभर गवत. म्हसोबाच्या बोरीला खोरं लावायला जेसीबीचा ड्रायव्हरच तयार झाला नव्हता.

त्याच बांधावर गवत कापताना वैष्णवीला घोणस चावली. बार्शीच्या दवाखान्यात ती पोटात अन्न न जाता कितीतरी दिवस पडून होती, आणि बाहेर पायरीवर बसून मथुराबाईंनी म्हसोबाला बोकड बोलला. पोरगी चालत घरी आली. त्या महिन्यात कळपात जे नराचं करडू जन्मलं, ते देवाचं झालं.

त्यानंतर शिवप्रिया आली. ती मुरूमकडची. घरी कन्नड, गळ्यात लिंग, ताटात कधी अंडंही नाही. एका संस्थेच्या संशोधनावर होती. शेळ्या दावणीला बांधून खुराकावर वाढवायच्या, की बांधावरची झुडपं राखून त्यात मोकळ्या चरू द्यायच्या? कशात जनावर निवांत राहतं? कशात औषध कमी लागतं? झुडपांत पाखरं राहिली तर शेजारच्या तुरीवरची अळी किती कमी होते? असे प्रश्न. तिला राखलेला बांध हवा होता. तालुक्यात फिरून फिरून तिला हा सापडला.

"साप पाळायचं संशोधन हाय का, म्याडम?" उत्तरेश्वरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"भावजी, बांध म्हसोबाचा हाय," मथुराबाई म्हणाल्या होत्या. "सापबी त्याचाच. करू द्या त्यांला काय करायचं ते."

*

देवाच्या बोकडाला संशोधनात जागा नव्हती.

संशोधनातल्या प्रत्येक शेळीच्या कानाला नंबराचा बिल्ला. मथुराबाईंनी याच्या कानाला हात लावू दिला नाही. देवाला भोक पडलेलं चालत नाही. त्याला खच्ची केलं नव्हतं, बांधलं नव्हतं, कुणी काठी उगारत नव्हतं. तो कुणाच्याही रानात शिरायचा आणि लोक हात जोडून हुसकायचे.

"सरपंच हाय त्यो," वैष्णवी म्हणायची. "समद्यांचं खातो, कुणी काय म्हणत न्हाय."

पण सरपंच जिथं जाईल तिथं कळप जायचा. तो वजनकाट्यावर चढला की मागं शेळ्या रांगेत. तो बिथरला की सगळ्या चौखूर. गोचिडांसाठी कडुनिंबाच्या पाण्याचा फवारा मारायचा तर एकेकीला तंगडीला धरून ओढावं लागायचं. त्या ओरडायच्या, लेंड्या टाकायच्या, छाती धाडधाड उडायची. नेमकं हेच कमी करायचं म्हणून तर संशोधन होतं.

म्हणून तिनं आधी सरपंचाला शिकवलं.

पहिल्यांदा ओला हात पाठीवर. शेंग. मग शिंतोडा. शेंग. मग तांब्याभर. शेंग. धरायचं नाही, हा नियम. जायचं असेल तर त्यानं जावं. वैष्णवी एका बाजूला, शिवप्रिया दुसऱ्या बाजूला, बांधाच्या पार खालच्या टोकाला, सकाळी, मथुराबाई दुधाच्या गडबडीत असताना. पावसाळा सरेपर्यंत बादली दिसली की तो धावत यायला लागला. मागून कळप. पुण्याहून आलेल्या वरिष्ठांना तिनं व्हिडिओ दाखवला: बादली उपडी होतेय आणि बोकड देवळातल्या नंदीसारखा उभा. त्यांनी तो दोनदा लावायला सांगितला.

अंग झाडायच्या कौलाची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. तिनंही विचारलं नव्हतं. नवस म्हणजे कापणं, इतकंच तिला माहीत होतं, आणि त्या दिवशी रजा टाकायची हे तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. मथुराबाईंनीच आग्रह केला. या, नुसतं उभं ऱ्हा, तुमचंबी लेकरू हाय त्यो.

*

"कानात दोन थेंब सोडतो, वैनी." पाव्हणे गेल्यावर उत्तरेश्वर म्हणाले. "जित्तं जनावर हाय, झाडंलच. लोक करतेत."

"लोक करतेत."

"मग?"

"फसवून घ्यायचं व्हय? मग पोरगीबी तुला फसवूनच दिली, म्हनंल म्हसोबा."

उत्तरेश्वर टोपी काढून डोकं खाजवत बसले. बोकड त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होता.

"बघा की. ह्याला काय फिकीरच न्हाय."

"त्याला कशाला असंल? फिकीर मला हाय."

वैष्णवीची ट्रंक ओसरीवर भरून ठेवलेली होती. सोलापूरला नर्सिंगला नाव लागलं होतं. आठवड्याच्या आत हजर व्हायचं होतं. मथुराबाई उठल्या, ट्रंक उचलली, आत नेली आणि ज्वारीच्या कणगीमागं ठेवली.

"नवस फिटल्याबिगर पोरगी घराभाईर जायची न्हाय. त्यानं अजून हात सोडला न्हाय तिचा."

मावशी, तो—

पण आतून कडी लागली होती.

*

"मला ठाऊक हुतं," वैष्णवी म्हणाली.

बांधाच्या खालच्या टोकाला, रिकाम्या वजनकाट्यावर ती बसली होती. काटा तिचं वजन दाखवत होता आणि ती पाय हलवेल तसा आकडा हलत होता.

"काय ठाऊक होतं?"

"तुमी पयल्यांदा त्याच्या अंगावर वला हात ठेवला ना, तवाच. म्हनलं, हे जर याला जमलं तर ह्यो वाचतोय." तिनं घोट्याजवळच्या जुन्या काळ्या डागावर बोट फिरवलं. "माझ्या बदली त्यो जाणार, ही काय रीत हाय का? म्या काय सांगितलं हुतं कुणाला?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी थांबला असता."

शिवप्रिया थांबलीच असती. तिच्या लगेच लक्षात आलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"आज्जी ट्रंक आत नेईल असं कुटं वाटलं हुतं," वैष्णवी म्हणाली. "आता सांगितलं तर त्याला कापतेत. न्हाय सांगितलं तर मी हितंच. तुमी सांगा काय करायचं. तुमी शिकलेल्या."

"तू पण शिकायला निघालीयस."

"निघाले कुटं?"

आकडा हलत राहिला.

*

फोन. लक्ष्मम्मा, शिवप्रियाची आई, मुरूमहून.

"ऊट आयता?" जेवलीस का, हे आधी. मग सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गप्प बस. जीव वाचतोय ना? तुला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग? आपल्या हातून एक जीव वाचला. खोटंही बोलावं लागलं नाही. शिवा शिवा म्हण आणि झोप."

हेच शिवप्रियाला दोन दिवस वाटत होतं. नेमकं हेच. आईच्या तोंडून ऐकल्यावर ते तिला नकोसं झालं. गप्प बसणं इतकं सोपं, इतकं सोयीचं, तिच्या ताटाला, तिच्या गळ्यातल्या लिंगाला इतकं शोभणारं. आणि तिकडं मथुराबाई अनवाणी फिरायला लागल्या होत्या. एक वेळ जेवत होत्या. वैष्णवी विहिरीकडं निघाली तरी मागं जात होत्या. शिंक आली तरी उठून बसत होत्या.

शेळी खाते किती, फिरते किती, दचकते किती, कान कुठं, शेपूट कशी: जनावर बेचैन आहे की निवांत, हे ओळखायचं शिवप्रियाला येत होतं. ओसरीवरची बाई काय भोगतेय ते ओळखायला काहीच मोजावं लागत नव्हतं.

*

मंगळवार. या वेळी पाव्हणे नाहीत. मथुराबाई, उत्तरेश्वर, वैष्णवी. आणि शिवप्रिया, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

मथुराबाई विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानंच आल्या. तांब्या उत्तरेश्वरांकडं दिला नाही. स्वतः ओतला. हळू. जणू लेकराच्या डोक्यावर.

"चुकलं असंल तर सांग," त्या म्हणाल्या. बोकडाला की दगडाला, कळलं नाही. "काय ऱ्हायलं? काय कमी पडलं? बोल की."

बोकड उभा.

दुसरा तांब्या. वारा सुटला होता. तूर सळसळत होती, बोरीतून होले उडाले. ओल्या लुगड्यात मथुराबाईंचे खांदे थरथरायला लागले, मग हात, मग हनुवटी. तांब्यातलं पाणी हिंदकळलं. सगळ्या बांधावर अंगात कापरं होतं ते फक्त त्यांच्या.

बोकड दोन पावलं चालत आला आणि शिवप्रियाच्या खिशाला नाक लावलं.

"मावशी, तो अंग झाडत नाही, कारण मी त्याला पाण्याची सवय लावली. वर्षभर. फवाऱ्यासाठी. देवाचा राग नाही. काही राहिलेलं नाही. तो पाण्याला भीतच नाही आता. पाणी पडलं की शेंग मिळते, एवढंच त्याला कळतं."

तिनं खिशातली शेंग काढून दाखवली. ती त्यानं लगेच खाल्ली.

*

आधी उत्तरेश्वर बोलले.

"आयला."

"औषधाचं पाणी येगळं," मथुराबाई म्हणाल्या. "देवाचं येगळं."

"त्याला एकच."

मथुराबाई बोकडाकडं बघत राहिल्या. तो शेंगेतलं बी फोडत होता, कडक आवाज येत होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी सैल पडला. सुटल्यासारखा. मग त्या सुटकेचाच त्यांना राग आल्यासारखा परत आवळला.

"वैष्णवीला ठाऊक हुतं?"

वैष्णवी तोंड उघडायच्या आत शिवप्रिया म्हणाली, "नाही. माझं एकटीचं काम."

खरं सांगायला ती आली होती. सांगून झालं होतं. त्याच्या शेपटाला हे एक चिकटलं.

"मग असं कर," मथुराबाई म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला 'तू' म्हटलं. "शिकिवलंस तसं इसरव त्याला. कानात पानी न्हाय, फसवाफसवी न्हाय. पयला हुता तसा करून दे. मग म्या इचारीन देवाला."

"आन् वैष्णवी?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"तिचं काय त्यात? अडकलंय ते हिच्यापाशी." त्यांनी शिवप्रियाकडं हनुवटी केली. "पोरगीला जाऊ द्या."

*

वैष्णवी गेली. फाट्यावर एसटी थांबली, ट्रंक टपावर जाईना म्हणून कंडक्टर कुरकुरला, आजीनं त्याला पोरगी कशाला चाललीय ते सगळं ऐकवलं, मग त्यानं ट्रंक स्वतःच्या सीटमागं ठेवली. वैष्णवीनं खिडकीतून शिवप्रियाला नुसतं बघितलं. गाडी निघाली.

*

विसरवायचं कसं?

शिवप्रियाला ते येत होतं. लावलेली सवय मोडायचा एक छोटा रस्ता असतो. एकदाच. बादली दाखवायची, जवळ आला की तोंडावर जोरात फेकायची, ओरडायचं, पत्रा बडवायचा. एका सकाळचं काम. पुन्हा तो पाण्याच्या थेंबाला थरथरला असता. जन्मभर.

तिनं बादली भरली. बांधाच्या खालच्या टोकाला उभी राहिली. पत्रा आणला होता. सरपंच तुरीतून पळत आला, पाऊस आल्यासारखा, कान उडवत. बादलीसमोर उभा राहून त्यानं पाठ पुढं केली.

तिनं पत्रा खाली ठेवला. आवाज होऊ न देता.

"मी त्याला हात लावणार नाही," तिनं मथुराबाईंना सांगितलं. "पाणी नाही, शेंग नाही. समोरही जाणार नाही. आपोआप विसरेल."

"किती दिस लागतील?"

"सांगता येत नाही."

"येवढं संशोधन करतीस आन् सांगता येत न्हाय."

मग तो कळपात दिसला की ती रस्ता बदलायची. वजनाच्या दिवशी त्याला गोठ्यामागं ठेवलं जायचं, आणि त्याच्याविना शेळ्या काट्याजवळ घोटाळायच्या, पांगायच्या. पुन्हा तंगडीला धरणं. पुन्हा ओरडणं. शेवटच्या हंगामातले तिचे सगळे आकडे बिघडले. अहवालात कारण लिहिताना ती अडकली. ज्याला बिल्लाच नाही, त्याचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं? 'हाताळणीत बदल' असं तिनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

मथुराबाई पुन्हा चपला घालायला लागल्या होत्या. दोन वेळ जेवत होत्या. सोलापूरहून फोन आला की स्पीकर लावून अख्ख्या वस्तीला ऐकवत होत्या. आणि दर मंगळवारी एक तांब्या.

दर मंगळवारी तो उभा.

*

थंडी पडली. सकाळी बांधावरचं गवत पांढरं दिसायचं. शिवप्रिया पाखरं वहीत टिपायला लवकर आली होती. मथुराबाई म्हसोबापुढं झाडत होत्या. दोघींत फारसं बोलणं उरलं नव्हतं. एकमेकींना चालवून घेणं होतं.

बोरीच्या जाळ्यात फांद्या मोडल्या. सरपंच आतून बाहेर आला. रात्रभराचं दव त्याच्या अंगावर. पाठ, कान, दाढी, सगळं ओलं. तो उन्हाच्या पट्ट्यात आला, थांबला, चार पाय रोवले आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. थेंब उडाले. एक मथुराबाईंच्या हातावर पडला.

म्हसोबा चार पावलांवर.

खराटा थांबला. शिवप्रियाही थांबली. या वेळी वाक्य तयार नव्हतं.

मथुराबाईंनी हातावरचा थेंब पदराला पुसला.

"पानी कुणी टाकलं?"

"कुणीच नाही. दव आहे."

"मग ते धरायचं न्हाय. मानसाच्या हातचं लागतं."

त्या परत झाडायला लागल्या. दोन फटकारे मारले. मग वाकूनच, तोंड न फिरवता म्हणाल्या, "पोरगी ल्हानपणापासनं हितं म्होरं उभी ऱ्हायची. कुणाचाबी कौल असू दे. मानसांच्या पायांतनं घुसायची. तिला ठाऊक नसंल व्हय?"

शिवप्रियानं वही मिटली.

"आन् तू न्हाय म्हनलीस."

"हो."

"लई चटकन म्हनलीस."

खराट्याचा आवाज. गवतातून होला उडाला आणि तिनं तो टिपला नाही.

"तिनं इचारलं काल फोनवर," मथुराबाई म्हणाल्या. "सरपंच कसा हाय म्हनून. म्या म्हनलं, हाय अजून. झाडंना झालाय." त्यांनी कचरा बोरीच्या बुडाला ओढला. "आज मंगळवार हाय. तांब्या आन आतला."

शिवप्रियानं तांब्या आणला. मथुराबाईंनी तो भरला, चपला काढल्या, बोकडाजवळ गेल्या आणि ओतला. मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली.

शिवप्रियाचा हात खिशाकडं गेला. खिसा कधीचा रिकामा होता.

बोकड उभा होता, आणि खिशाकडंच बघत होता.